अर्धी कवटी

४ फेब्रुवारी २००१, रविवार
सुरगाण्याकडून गाववाला दिनेश आला. म्हणाला, तुझी आई खाटेवरून उठत नाय, जाऊन ये. आईचं हे नेहमीचंच. मी यावं म्हणून. निरोप पण दिला: माझ्या हातावरचं झाड बघून तसंच गोंदून घे, गोंदणारी कुसाबाई सुया धुऊन बसलीय. मेल्यावर कापड, चांदी काय संगं येत नाय, गोंदण तेवढं येतं. वर गर्दी लय. त्यावरून तुला ओळखीन.
हसलो. झाड बायका काढतात. पण गोंदायचं नक्की.

७ फेब्रुवारी, बुधवार
इथं नदीकाठी, गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात गोंदायचा मशीनवाला बसतो. वहीत डिझाइनं. विंचू म्हणजे डेंजर, गुलाब म्हणजे प्रेम. कवटीचा अर्थ विचारला. म्हणाला, मौत को जेब में रखनेवाला. मीच तो.
दुखलं नाय. चक्कर उन्हामुळं आली. एक डोळा आणि दात काढायचे राहिले. पुढच्या बुधवारी फायनल.

८ फेब्रुवारी
पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडताना सुवर्णाताई ओरडल्या, "अगं बाई, नारळ! कोणता नवस फेडला रे भाऊ?" सगळ्या हसल्या. मरणाचा अर्थ कळायला डोकं लागतं.

१४ फेब्रुवारी, बुधवार
मशीनवाल्याकडं गेलो नाय. हात सुजलाय. दिनेश गावाकडून परत आला, म्हणाला, आई जेवत नाय. नऊ मार्चला शिमगा. तेव्हा चांगला आठ दिवस जाईन. आईला कवटीचा अर्थ नीट समजावीन.

२१ फेब्रुवारी
सुपरवायझर सुट्टी देणार नाय. विचारलं नाय, पण माहीत हाय.

२५ फेब्रुवारी, रविवार
काल आईला हिरवं लुगडं घेतलं. बॅग भरली. सकाळची एसटी चुकली, झोप लागली. उद्या शंभर टक्के.

२७ फेब्रुवारी, मंगळवार
आज पोचलो. आई काल सकाळी गेली. मातीही झाली.
कुसाबाईपुढं हात धरला. म्हणालो, आईचं झाड काढ. ती म्हणाली, "तिचं माझ्या सासूनं काढलेलं, पोरा. मी कशावर बघू आता? तू सांग, फांद्या किती होत्या?"
पाच. नाय, सात. ठिपके वर होते का खाली? त्याच हातची भाकर खाल्ली मी सोळा वर्षं. बाला विचारलं. बा म्हणाला, "कोणी मोजल्या रं."
कुसाबाईनं माझी बाही वर केली. "आणि हे काय काढलंस?"
"नारळ," म्हणालो.