खिडकीतल्या दिव्याबद्दल

प्रिय इलाडिओ,

लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या आपल्या हेरावर, कॅप्टन साल्वात्येरावर, तू स्वतः एक युद्धकथा लिहून चाहत्यांच्या पानावर टाकलीस आणि खाली लिहिलंस, मनमोकळा अभिप्राय द्या. तिथल्या लोकांनी फुलं उधळली आहेत. मी पत्रानेच देतो. चारचौघांत कुणाची अब्रू काढू नये, असं पाद्रीबाबा सांगतात.

तुझा हेर पोहत जाऊन जर्मन पाणबुडीवर चढतो आणि त्याच्या खिशातला सिगार कोरडा. असू दे. पण त्याची मारिसोल आपल्याच पोर्तो रिकोच्या किनाऱ्यावर लढाईपासून पुढे वीस वर्षं रोज तिन्हीसांजेला खिडकीत दिवा लावून बसते. अरे, लढाईच्या त्या वर्षांत आपल्या आज्यांनी खिडक्यांना काळं फासलं होतं. समुद्राच्या बाजूला काडी ओढली तरी शिपाई दार ठोठावायचा, कारण त्या उजेडावर पाणबुड्या जहाजं टिपायच्या. तुझ्याच आजीने हे आपल्याला समोर बसवून सांगितलं होतं. तू तेव्हाही ऐकत नव्हतास. तुझी मारिसोल शत्रूला निशाणा दाखवते आहे, आणि तुझ्या अतिहुशार हेराला ते कळत नाही.

गालावरचा तीळ, खारवलेल्या माशाची भजी. ही मारिसोल कोण, ते ओळखायला मला वेळ लागला नाही. जिच्या बोटात अंगठी घालून तू न्यूयॉर्कला गेलास, त्या नेरेइदाला मी तिच्या भज्यांच्या गाडीपाशी उभा राहून तो भाग वाचून दाखवला. कढईवरची नजर न काढता ती म्हणाली, "वीस वर्षं खिडकीत? बाईला दुसरं काम नाही? आणि दिव्यात तेल कोण घालतं, हा बाबा?" मग म्हणाली, "मला सहा महिन्यांत बोलावणार होता. गोष्टीत तरी तिकीट पाठवायचं होतं." कागद घडी करून मी खिशात ठेवला, तेव्हा तिने विचारलं, "आणि सेफेरिनो, तू काय नुसता वाचतच राहणार?"

शेवटचा भाग तू अजून लिहिलेला नाहीस, म्हणून कळवतो. गेल्या रविवारी चर्चमध्ये लग्नासाठी नेरेइदाचं आणि माझं नाव वाचलं गेलं. अजून दोन रविवार वाचतील; कुणाची हरकत असेल तर तोवर सांगायची. ये, सगळ्यांसमोर उभा राहून सांग. तू येऊ नयेस म्हणून मी प्रार्थना केली, पण तुला ओळखतो, त्यामुळे फार वेळ केली नाही. येणार नसशील, तर शेवटच्या भागात तेवढा तो दिवा मालव.

अजूनही तुझाच,
सेफेरिनो