अजायबघरातला भीम

हैदराबाद,
ता. १९ नोव्हेंबर १९४४

ती. सौ. कमलअक्कास,
लिंबाजीचा सा. न. वि. वि.

अक्का, हातात दुधाचं भांडं असेल तर आधी खाली ठेव. आपला भीम सापडला!

आमच्या छापखान्यातून मला एका जहागीरदारसाहेबांच्या अजायबघरात पाठवलं होतं. तिथल्या वस्तूंपुढे ठेवायच्या चिठ्ठ्या आम्ही छापतो. तलवारी, मडकी, बिनमुंडक्याच्या मूर्ती बघत चाललो होतो, आणि एका काचेच्या कपाटात हा आपला दगडाचा भीम उभा! सुटलेलं पोट, पोटावर ठेवलेला हात, डावा कान तुटका, पाठीवर नांगराच्या फाळाचा ओरखडा. आत्यानं लहानपणी इतक्यांदा वर्णन केलंय की नुसत्या हातानं चाचपून ओळखला असता. तेरणा नदीकाठी तंबू ठोकून जुन्या वस्तू गोळा करणारा तो गोरा साहेब आजोबांकडून मागून घेऊन गेला, तोच हा. विलायतेला परतताना साहेबानं सगळा पसारा जहागीरदारांच्या वडिलांना दिला म्हणे.

त्याच्यापुढची उर्दू चिठ्ठी वाचून मात्र मला हसू आवरेना. यक्ष, मौजे तेर, फार प्राचीन. अंगावर पांढऱ्या लेपाचे थर, लेपाचा हेतू अज्ञात. अगं, तो आपल्या पणजीचा चुना! वेळ अमावस्येला शेतातल्या कडब्याच्या कोपीत पाच धोंड्यांचे पांडव मांडताना दरसाल फासलेला! मी इतक्या मोठ्यानं हसलो की चौकीदार धावत आला. तो निघाला आपल्या बेंबळीचा, रेवणप्पा. पाच मिनिटांत आम्ही गाववाले झालो.

आत्याला सांगायचं की नाही ते तू ठरव. मला तर धाडस होत नाही. दाजींना नमस्कार, पोरांचे गालगुच्चे घे. लोभ आहेच, तो उत्तर धाडून दाखवावा.

तुझा धाकटा,
लिंबाजी

तेर,
ता. २५ नोव्हेंबर १९४४

चि. लिंबाजीस,
कमलअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दुधाचं भांडं खाली ठेवलं, पण तुझं पत्र मोठ्यानं वाचलं, तिथं घात झाला. दिवाळीपासून तापानं अंथरुणाला खिळलेली आत्या दारात येऊन उभी! तिनं पहिलं काय विचारलं असेल? त्याला तिथं जेवायला कोण घालतं?

लिंबाजी, हसू नकोस. आपण दोघं आईवेगळी पोरं. दर वेळ अमावस्येला आपल्या तोंडात ओल्या शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचे घास कोंबणारा तो हात स्वतःच्या तोंडाशी कधी गेला नाही. साहेबानं भीमाला नेलं त्या साली तिनं शपथ घेतली, की खादाड भीम परमुलखात उपाशी, तर त्या दिवशी मीही भज्जी खाणार नाही. सगळ्या गावानं चिडवून घेतलं, की धुरपदा म्हणजे द्रौपदीच, नवऱ्याआधी कशी जेवेल! ती पण हसायची नि कोरडी भाकरी मोडायची. वैद्य म्हणतात, अंगात त्राण उरलेलं नाही, तोंडाला चव नाही. मला बाई भीती वाटते. एकदा तरी तिला पोटभर भज्जी खाताना बघायचंय, मग काय व्हायचं ते होवो.

आत्याचा हुकूम आहे की भीमाला घरी आण. तुझ्या दाजींनी तर बैलगाडीला वंगणसुद्धा घातलं. गोणपाटात गुंडाळून रातोरात आणू म्हणतात. मी म्हटलं, आधी हैदराबाद कुठल्या दिशेला आहे ते सांगा. त्यांनी परांड्याकडं, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला बोट दाखवलं.

तब्येतीला जप. दोन ओळी का होईना, लौकर लिही.

तुझी,
कमलअक्का

हैदराबाद,
ता. १ डिसेंबर १९४४

ती. सौ. कमलअक्कास,
लिंबाजीचा सा. न. वि. वि.

दाजींना म्हणावं, बैल सोडा. जहागीरदारसाहेब गुलबर्ग्याला गेलेत, म्हणून त्यांच्या कारभाऱ्याला भेटलो. मी म्हटलं, आमचा देव आहे, एका दिवसापुरता द्या. कारभारी म्हणाले, तुमचा देव आता आमची अमानत आहे, कपाटाबाहेर निघायचा नाही. माणूस गोड बोलतो, पण नाही ते नाहीच.

मी उतरलेलं तोंड घेऊन बाहेर आलो, तर रेवणप्पा म्हणाला की कपाट घरी जात नसेल तर भज्जी कपाटाकडं येऊ दे की! त्याची बायको शिवम्मा इथं आल्यापासून भज्जीसाठी झुरतेय. तुरीच्या, वालाच्या ओल्या शेंगा तेवढ्या तिकडून पाठवा, बाकी ती बघेल. त्यातून वेळ अमावस्या शुक्रवारी आलीय. शुक्रवारी अजायबघर बंद. आत आम्ही दोघंतिघं नि भीम, बाहेर कुलूप!

आत्याला हे पटतं का विचार. तिला पटलं नाही तर मी आहे नि बैलगाडी आहे. लोभ असाच राहू द्यावा.

तुझा,
लिंबाजी

तेर,
ता. ७ डिसेंबर १९४४

चि. लिंबाजीस आशीर्वाद.

आत्या सांगतेय ते जसंच्या तसं लिहितेय, माझ्यावर रागावू नकोस. कमल.

लिंब्या, तुझं डोस्कं ठिकानावर हाय न्हवं? नुसतं ताट फुडं ठिवलं म्हंजी भीम जेवला व्हय? काचंतनं त्येला वास तरी येतो का? आरं, येळ आवसंला, आपल्या येळवशीला, बांधावरनं जाणारा वाटसरू आपनहून येतो, बिनबोलावता, तवा त्येला आपन पांडव समजून वाढतो. त्यो जेवला की पांडव जेवलं. तसाच तितं कुनीतरी बिनबोलावता आला पायजे. तू बोलवायचं न्हाय, त्या रेवणप्पानं बी खुणवायचं न्हाय. आन् भीम हाय त्यो, एका वाढपावर उठला तर ते काय जेवन न्हवं. फिरून मागितलं पायजे. मागितलं की तसाच पळत जा आन् हिकडं टेसनावर तार कर. तार येईस्तवर म्या घास घेनार न्हाय. खोटी तार केलीस तर मला कळंल, तुला लहानाचा मोठा म्या केलाय.

शेंगा शेजारच्या लक्ष्मम्माच्या जावयासंगं धाडल्यात, त्यो हैदराबादलाच निगालाय. हिंग जरा जास्तीचा घाला म्हनावं, त्येला आवडायचा.

धुरपदाबाई

(कमल: दगडाला हिंग आवडतो हे तिला कसं कळलं ते विचारायची माझी छाती नाही.)

हैदराबाद,
ता. १५ डिसेंबर १९४४, वेळ अमावस्या

ती. सौ. कमलअक्कास,
लिंबाजीचा सा. न. वि. वि.

तार मिळालीच असेल. आता तपशील ऐक, मला गप्प बसवत नाही.

सकाळी रेवणप्पानं मागचं दार उघडलं. शिवम्मानं भज्जीचं पातेलं, बाजरीचे उकडलेले उंडे नि ताकातल्या आंबिलीचं मडकं भीमापुढे मांडलं. रेवणप्पा घोंगडं पांघरून, शेतात देतात तशी ‘ओलगे, ओलगे’ आरोळी देत, कपाटांभोवती पळसाच्या पानानं आंबील शिंपडत फिरला. चार थेंब एका तुर्की गालिच्यावर पडले. तो गालिचा आम्ही उलटा करून ठेवला.

मग वाट बघणं सुरू. बंद अजायबघरात बिनबोलावता कोण येणार? दुपार झाली. एक मांजर आलं. मी आशेनं वाढलं, त्यानं हुंगून तोंड फिरवलं. शिवम्मा म्हणाली, जाऊ दे, कर तार, आत्याबाईंना काय कळतंय. अक्का, मी उठलो होतो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं होतं, आत्या तिकडे कोपीपाशी उपाशी बसली असेल म्हणून. पण खोटी तार करायला पाऊल उचलेना.

तेवढ्यात पुढच्या दाराचं कुलूप वाजलं, आणि साक्षात जहागीरदारसाहेब! गुलबर्ग्याहून नुकतेच आलेले, वास कसला येतोय म्हणून वरच्या राहत्या मजल्यावरून खाली उतरलेले. गृहस्थ एवढे मोठे पोटाचे की दारातून तिरके आत आले. रेवणप्पा घोंगड्यासकट एका पितळी तोफेमागे लपला. मी सगळं सांगून टाकलं. गोरा साहेब, शपथ, चुना, आत्या, सगळं. फक्त जेवा म्हणालो नाही.

त्यांनी चिठ्ठी वाचली, भीमाकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि बूट काढून सरळ जमिनीवर बसले. एक द्रोण संपवला. मग त्यांनी रिकामा द्रोण पुढे केला नि विचारलं, और मिलेगा?

मी अनवाणी पळालो ते थेट तारघर! परत आलो तेव्हा पातेलं चाटूनपुसून साफ होतं, आणि साहेब तोफेमागून निघालेल्या रेवणप्पाला विचारत होते, की ही दावत दरसाल असते का? चिठ्ठी नवीन छापायला सांगितलीय. आत्याच्या आजीचा, म्हणजे आपल्या घराचा चुना, असं त्यात येणार.

आत्या जेवली का? फक्त एवढंच कळव. बाकी लोभ, कोप सगळं मंजूर.

तुझा,
लिंबाजी

तेर,
ता. १७ डिसेंबर १९४४

चि. लिंबाजीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मेल्या, तुझी तार आली नि आम्ही तुला रडून मोकळे झालो!

दिवस कलला होता. सगळी शेतं जेवून सुस्तावलेली, एकटी आत्या, गाडीत घालून शेतात आणलेली, ताटापुढं ताठ बसलेली. स्टेशनवरचा शिपाई बांधावरनं हाका मारत आला, तार हाय, तार! वाट तारेचीच होती, पण ‘तार’ ऐकताच तेही विसरलो; तेरला तार म्हणजे मयताची, दुसरी कधी आलीय? मी पोरं सोडून ओरडले. चार शेतांतल्या बायांनी गळा काढला. तुझ्या दाजींनी टॉवेलात तोंड खुपसून ‘माझा लिंबाजी’ म्हणत हंबरडा फोडला, आणि परवाच तुला आळशी म्हणाले होते. तार इंग्रजीत, वाचणार कोण? पलीकडच्या शेतातनं गुरुसिद्धप्पा मास्तरांना आणलं. त्यांनी वाचली नि हसतच सुटले. आम्हाला वाटलं, दुःखानं मास्तरांचं डोकं फिरलं. मग त्यांनी सांगितलं: भीम जेवला, फिरून मागितलं.

सगळा रडका मेळा एकदम हसायला लागला. आत्या तेवढी हसली नाही. तिनं भज्जीचा घास उचलला. तोंडाशी नेला. नि थांबली. मला वाटलं, इतक्या वर्षांनी घास उतरायचाच नाही. तर ती म्हणाली, कमल, हिंग कमी पडलाय! मग जी जेवायला बसली लिंबाजी, ती दोनदा मागून घेऊन उठली. ताप कालपासून नाही. मी अजून मध्येमध्ये रडतेय, पण ते चांगलं रडणं आहे.

पुढचं पत्र तुला नाही. तिनं सांगितलंय की कपाटापुढं उभं राहून मोठ्यानं वाच.

तुझी,
अक्का

चि. भीमास,
तेरहून आशीर्वाद.

तू जेवलास, बरं वाटलं. तितं सावलीत ऱ्हातोस, राखायला मानूस हाय, आता फिरून हिकडं ये म्हननार न्हाय. तुझ्या जागंवर ज्यो बदलीचा धोंडा ठिवला व्हता, त्येला इतकी वर्सं म्या नीट चुना बी लावला न्हाय. बिचारा उनातानात हुबा ऱ्हायला, कवा रुसला न्हाय. औंदा त्येला दोन हात लावलं.

माजं लगीन पाळण्यात झालं, पाळण्यातच मोडलं. कुनाच्या वाटंकडं डोळं लावून जेवायचं ऱ्हावं, आसं घरात कुनी न्हवतंच. तुज्यामुळं तेवडं झालं. आता फुडल्या येळवशीला वाट बघनार न्हाय, येळंवर जेवत जा. म्या बी जेवते.

तुझीच,
धुरपदा