पट्टी चांगल्या गुडघ्यावर

प्रिय अण्णा,

काल तुझं तेरावं झालं. चंद्रू हार घेऊन आला होता. सात वर्षांपूर्वी तुझ्या शेवटच्या फुटबॉल सामन्यात समोरच्या संघाचा फॉरवर्ड होता, तोच. अप्पांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. "माझ्या पोराचा गुडघा फोडलास, आता हार कसला आणतोस?" म्हणाले. मी अप्पांच्या मागे उभी होते आणि तोंडातून शब्द काढला नाही. म्हणून हे लिहायला बसलेय. कावीळ तुला घेऊन गेली रे, पण अप्पा अजून चंद्रूलाच धरून बसलेत.

गुडघा कुणी फोडला, ते आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. आता मला एकटीलाच आहे.

काय डिफेंडर होतास तू! लेफ्ट बॅक. कारखान्याच्या मैदानावर अनवाणी खेळायचास तेव्हापासून तुझ्या बाजूने कुणी सहजासहजी पुढे गेला नाही. आणि लबाड किती! दुखत असायचा उजवा गुडघा आणि पट्टी बांधून घ्यायचास डाव्याला. "फॉरवर्ड पट्टी बघतो नीला, आणि तिकडूनच घुसतो. घुसू दे की!" मीच बांधायचे ती पट्टी, स्वयंपाकघरात, अप्पा पूजेला बसले की. आपल्याला केवढं हसू यायचं!

त्या वर्षी मात्र हसू आटलं. डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं होतं, आणि तोवर खेळायचं नाही असंही. तू ते कारखान्यात कळू दिलं नाहीस. कसं कळू देणार? तू खेळाडू म्हणून तात्पुरता लागलेला. सीझन पुरा खेळलास आणि संघ डिव्हिजनमध्ये टिकला, तरच कायम करणार होते. अप्पा त्याच कारखान्यातून दोन महिन्यांत रिटायर होणार होते. तू कायम झालास तर क्वार्टर तुझ्या नावावर होणार, नाहीतर आपण तिघं रस्त्यावर. आई असती तर तिने तुला घराबाहेर पडू दिलं असतं का रे?

शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी पुरे होती. पहिल्या हाफमध्येच तू लंगडायला लागलास. कोचनी पट्टी बघितली आणि त्यांना वाटलं, डावाच दुखतोय. बिचाऱ्यांनी काळजीपोटीच हाफ टाइमला तुला राइट बॅक केलं. "डाव्याला आराम दे. टॅकल सगळे उजव्याने घे, सरी? ठीक ना?"

तू मान हलवलीस! का रे हलवलीस?

मी कुंपणाजवळच होते, सगळं ऐकलं. रेषेपर्यंत धावत गेले. कोच वळून म्हणाले, "एनु बेकम्मा?" काय हवंय, एवढंच विचारलं त्यांनी. मी एक वाक्य बोलले असते तर त्यांनी तुला बाहेर बसवलं असतं. तू माझ्याकडे बघत होतास. मी म्हटलं, "एनू इल्ला सर." काही नाही. आणि परत फिरले.

पुढची पंचेचाळीस मिनिटं कशी काढली ते मलाच माहीत. उजव्या पायाने एक टॅकल, दुसरा, तिसरा. दर वेळी उठायला तुला जास्त वेळ लागत होता. अप्पा शेजारी टाळ्या वाजवत होते आणि मला त्यांचे हात धरावेसे वाटत होते. अगदी शेवटी चंद्रू बॉल घेऊन सुटला. तू घसरत पाय घातलास, बॉल बाहेर गेला. तुला लागू नये म्हणून चंद्रूने उडी मारली होती, मी डोळ्यांनी पाहिलं. तू उठलाच नाहीस.

बरोबरी झाली. तू कायम झालास. सव्विसाव्या वर्षी खेळ संपला आणि टाइम ऑफिसात हजेरी मांडायची खुर्ची मिळाली.

"नानु टच माडिल्ला अंकल," मी शिवलोसुद्धा नाही, असं चंद्रू हॉस्पिटलमध्ये हात जोडून सांगत होता. तू डोळे मिटून पडून राहिलास. जुनी दुखापत लपवली हे कळलं असतं तर नोकरी गेली असती, मान्य आहे. पण घरात तरी बोलायचंस! अप्पांना तरी!

आणि मला काय म्हणालास? "बरं झालं, गप्प बसलीस." या वाक्याचा मला फार राग आहे, अण्णा. मी काही तुझ्याखातर गप्प बसले नव्हते. मला घर सोडायचं नव्हतं. तुझा पाय आणि माझं घर, त्यातलं मी घर निवडलं. तू रागावला असतास तर मी तेव्हाच रडून सांगून टाकलं असतं. तू आभार मानलेस आणि माझं तोंडच बंद केलंस.

उद्या सकाळी अप्पांचा चहा झाला की त्यांच्यासमोर बसून सगळं सांगणार आहे, तुझं आणि माझंही. ते काय म्हणतील, बोलतील तरी का माझ्याशी, माहीत नाही. पण तुला वचन देते, या वेळी कुणी "काय हवंय" विचारलं तर "काही नाही" म्हणणार नाही. मग चंद्रूकडे जाईन. अप्पा आले तर त्यांच्याबरोबर, नाहीतर एकटी.

तुझी,
नीला