बरी आहे, तुम्ही?

५ जानेवारी
पोचले एकदाची! राजधानी लिलाँग्वेहून बस, मग मक्याच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी. सातवा महिना आणि असले धक्के, पाय सुजून भोपळ्यासारखे झालेत. आरोग्यकेंद्राच्या दारात झाडलोट करणाऱ्या नाफिरीमावशी उभ्या होत्या. माझं पोट बघून म्हणाल्या, अगं बाई, आम्ही एक नर्स मागितली होती, सरकारनं दीड पाठवली! घर छान आहे, दारात आंबा आहे, खिडकीतून सरोवर दिसतं. आधीच्या सिस्टर न्दाझिओना इथेच राहायच्या. नोव्हेंबरात अचानक गेल्या, बिचाऱ्या. मक्याच्या पिठाची न्सिमा आणि तळलेला चांबो मासा खाऊन पाय उशीवर ठेवलेत. इथे माझं छान जमणार.

७ जानेवारी
व्हरांड्यात भिंतीवर एक बोलकी पेटी बसवली आहे. रोग्यानं पुढ्यात बसायचं, ती इथल्या चिचेवा भाषेत चौकशी करते आणि चिठ्ठी देते. हिरवी म्हणजे घरी जा, पिवळी म्हणजे आत नर्सकडे, लाल म्हणजे जिल्ह्याची गाडी. आवाज सिस्टर न्दाझिओनांचा, त्यांच्याकडूनच रेकॉर्ड करून घेतला होता. लोक पेटीलाही वाकून नमस्कार करतात. मावशी म्हणतात, माणूस गेलं म्हणून मान द्यायचा नाही होय? माझ्याकडे दिवसभरात चारच जण आले. पूर्वीच्या दवाखान्यात शंभर यायचे. सुख सुख म्हणतात ते हेच.

१२ जानेवारी
मच्छीमार वस्तीत आज मयत होतं. चिमवेम्वे नावाची तरणी बाई, तापानं गेली. बायकांत जमिनीवर बसले. तिच्या आईनं कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या गाठीतून चिठ्ठी काढून दाखवली. हिरवी, परवाची. पेटीनं काय विचारलं, असं मी विचारलं. आई म्हणाली, विचारलं, कशी आहेस? पोरगी म्हणाली, बरी आहे, तुम्ही? मी म्हटलं, ताप होता ना? आई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, सिस्टर, मोठ्या माणसानं विचारल्यावर तोंडावर रडगाणं गातात का? आधी बरी म्हणायचं, मग टेकायचं, मग दुखणं सांगायचं. तुमच्या आईनं शिकवलं नाही?
शिकवलं की. मीही आयुष्यभर तेच करत आले. पण पेटीला 'मग' ठाऊक नाही. ती पहिलंच उत्तर धरून बसते.

१४ जानेवारी
जिल्ह्याला फोन केला. साहेब खुशीत होते. म्हणाले, तुमच्या केंद्रात दोन महिन्यांत एकही मृत्यू नाही, शाब्बास. मी म्हटलं, लोक घरी मरताहेत, साहेब. ते म्हणाले, घरचं आमच्या यादीत येत नाही.
उद्यापासून व्हरांड्यात मीच बसणार.

१७ जानेवारी
बसते, पण लोक आधी पेटीकडे जातात आणि हिरवी घेऊन समाधानानं घरी निघतात. मी आडवी येते, हाताला धरते. एक आजोबा म्हणाले, पोरी, सिस्टरनं सांगितलंय ना बरं आहे, मग तू का अपशकुन करतेस?
माझं डोकं दुखतंय. आता हातही सुजलेत.

१८ जानेवारी
रक्तदाब मोजला. आकडा लिहीत नाही. शिकाऊ नर्स पोरींना मीच शिकवलंय की इतका असला तर एक दिवसही थांबायचं नाही. कपाटातलं झटके रोखायचं इंजेक्शन संपलं आहे. गाडीसाठी फोन केला. ड्रायव्हर म्हणाला, ताई, माझ्याकडे लाल आल्याशिवाय मला फाटकातून सोडत नाहीत. चाळीस किलोमीटर चिखल, ट्रक बंद, सायकलवर या पोटानं —
म्हणून पेटीपुढे बसले. कशी आहेस, असं तिनं विचारलं. किती मायेनं विचारलं!
मी म्हणाले, बरी आहे, तुम्ही?
हिरवी.
पुन्हा बसले, ओरडून सांगितलं. ती म्हणाली, आज तू बरी आहेस. उद्या ये.

१९ जानेवारी
पुन्हा तेच. ठरवून गेले होते. तोंडातून आपोआप —
मावशी म्हणाल्या, थांब, मी खोटं आजारपण सांगून गाडी मागवते. बसल्या. आवाज आला. मावशींच्या तोंडातून निघालं, बरी आहे बाई, तुम्ही? लगेच स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. रडायला लागल्या.
दुपारी टेबलाचा खण उघडला. मागे खिळ्याला चिठ्ठ्या अडकवलेल्या. नाव सिस्टर न्दाझिओना. हिरवी, हिरवी, हिरवी, हिरवी. शेवटची त्या गेल्या त्या दिवसाची.
आवाज त्यांचा. 'बरी आहे' हे उत्तरही त्यांचंच.
मला भीती वाटते. माझी नाही. बाळाची.

२० जानेवारी, सकाळ
डोळ्यांपुढे ठिणग्या. पेटी आठला सुरू होते. घोकते आहे. बरी नाही. बरी नाही. बरी नाही. बरी नाही.
बाळ हलतंय अजून.
व्हरांड्यात माणसं. सगळी उठून नमस्कार करताहेत. कशा आहात, सिस्टर — बरी आहे, तुम्ही — बरी आहे, तुम्ही — तोंड आवरत नाही —
मावशींनी खुर्ची पेटीपुढे सरकवली. वही मांडीवर आहे. वाचूनच म्हणणार. अक्षरं पोहताहेत.
ती विचारते आहे. मायेनं.
म्हणते. म्हणतेच. मी बरी