इग्नासची पडजीभ

३ जून
पुन्हा ताप. खोकून खोकून इग्नास निळा पडतो. आठ महिन्यांचा माझा नातू! शेजारची मसावेबाई केळीआडून म्हणाली, पडजीभ लांबलीय, घशाला टेकते, कापून घ्या. म्हटलं, लांबलीय ती तुमची जीभ, आधी ती कापा. सून प्रिस्का खाली मान घालून पेज ढवळत राहिली. तिचा कल कळतो मला. वरच्या डोंगरातली ना, तिकडे पोरांच्या पडजिभा सर्रास कापतात!

देओला बजावलं — उद्या खाली मोशी शहरातल्या दवाखान्यात ने. लेक म्हणतो, 'बघू आई.'

५ जून
नेलं नाही. कॉफी सोसायटीची बैठक म्हणे.

८ जून, रविवार
चर्चमधून, मिसाहून परतले. पोराच्या ओठांवर सुकलेलं रक्त, तोंडात कसलीशी काळी पूड. कापून आले! वाकड्या सुरीवाल्या म्हाताऱ्याने तुकडा केळीच्या पानावर ठेवून दाखवला म्हणे. खात्री पटावी म्हणून!

प्रिस्काला म्हटलं, 'आई आहेस की कसाई?' ती पोराचे ओठ पुसत राहिली. देओ गोठ्यात निघून गेला.

मिशनच्या शाळेत सिस्टरांनी आम्हाला घशाचं चित्र काढायला शिकवलं होतं. पडजीभ तिथे उगाच लोंबत नसते.

१० जून
खोकला तसाच. असणारच — दुखणं छातीत आहे. म्हाताऱ्याचा निरोप: मूळ राहिलंय, पुन्हा छाटावं लागेल. मी दुपट्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली. उद्या पहिल्या बसने मीच नेणार.

११ जून
उठले तेव्हा घरात कोणी नव्हतं.

दुपारी मसावेबाई सांगत आली, दवाखान्यात आहेत. मी धावत गेले. पहाटेच पुन्हा छाटून आणलं होतं; रक्त थांबलंच नाही. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया होता, औषधाने बरा झाला असता. संध्याकाळी इग्नास गेला.

१३ जून
केळीच्या बागेत पुरला. बायकांनी कच्ची केळी घालून मटण रांधलं. जेवले. मीठ कमी होतं. प्रिस्काने चहा पुढे केला. 'तुझ्या हातचं नको.' कप घेऊन गेली.

१४ जून
काही नाही.

१६ जून
देओ दाराशी उभा राहिला, आत आला नाही. 'आई, तिला बोलू नकोस. खोकला ऐकवत नव्हता. दोन्ही वेळा मीच नेलं, डोकं मीच धरलं. दुसऱ्या वेळी ती तुझी पिशवी घेऊन मागे धावत आली. मी म्हाताऱ्याच्या झोपडीला आतून कडी लावली.'