चाळीस सेकंद

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ

फाउंड्रीची भट्टी चालवणारा जुना कॉम्प्युटर प्रोग्राम आम्ही तिघांनी नव्यानं लिहिला. जुन्यात झाकण उघडण्याआधी चाळीस सेकंद थांबायची एक ओळ होती. कशासाठी, ते कुठंच लिहिलेलं नाही. आमच्यातली मेघना म्हणाली, "उगाच वेळ खातंय, काढूया सर." मी हो म्हटलं. का म्हटलं?

राहवेना, म्हणून आज उचगावला गेलो. तो प्रोग्राम लिहिणाऱ्या अण्णांना आता काही आठवत नाही. मलाही ओळखलं नाही, नुसते हसत बसले होते. निघताना विचारलं, "अण्णा, भट्टीचं ते चाळीस सेकंद कशाला ठेवलं होतं?"

हसायचे थांबले. माझं मनगट धरलं. "ते काढलं न्हाय न्हवं रं?"

"का अण्णा?"

ते त्यांना सांगता येईना. मनगटही सोडेनात.

ऑफिसात येऊन ती ओळ परत घातली. मेघना हळूच म्हणाली, "सर, अशा अजून लई ओळी काढल्यात आपण."

त्या सगळ्या ओळी अण्णांपुढं एकेक करून वाचायला हव्यात, कुठल्या ओळीला ते माझा हात धरतात ते बघायला. पण नवा प्रोग्राम उद्या सकाळी सुरू करायचाय, आणि मालक एक दिवसही थांबायला तयार नाहीत.

मनगट अजून दुखतंय.