आईचा रकाना

बारामती,
१९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मुक्ताकाकू,

बानूचा सलाम. तुमची नात छान आहे. काल वजन केलं, तीन किलो सातशे भरलं. कावीळ कधीच उतरली. मालिश झाली की तीन-तीन तास झोपते. नाक अगदी तुमच्यावर गेलंय, पण ते तुम्हाला कसं कळणार? अठ्ठावीस दिवसांची झाली, तुम्ही तिला पाहिलेली नाही.

कळंबहून बारामतीला यायला तास-सव्वा तास लागतो. पहिलं बाळंतपण माहेरी न होता सासरी झालं, वर बारशाचं आमंत्रण विहिणीनं दारात येऊन न देता व्हॉट्सॲपवर पाठवलं, म्हणून तुम्ही रुसून बसलात. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुम्ही "तिच्या सासूला इचार, आमाला कोण इचारतंय" म्हणालात आणि ठेवून दिलात. कागद तसा ठेवून देता येणार नाही. माझा मुलगा साद तो तुमच्या हातातच देईल.

तुमच्या विहिणीबद्दल तर काय बोलावं. बाळंतिणीनं पाणी मागितलं की अर्धा पेला. टाके दुखतात म्हटलं की "आमी दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापल्यात." विजयसिंह नवरा म्हणून तिथं असतो एवढंच. मला राग येतो काकू, सगळ्यांचा येतो.

आणि माझाही. तेच लिहायचं टाळत होते.

मला या घरी बाळ-बाळंतिणीच्या कामाला तुम्ही लावलंत. "आपली बानू शिकलेली हाय, तिलाच ठिवा" असं सांगून पाठवलंत. ट्रेनिंगमध्ये आम्हाला वही दिलेली. दूध किती वेळा, लंगोट किती, ताप किती. शेवटचा रकाना आईचा असतो: झोप, जेवण, रडणं. चौथ्या दिवशी मी त्यात "दुपारभर रडली" लिहिलं. तिच्या सासूबाईंनी ते वाचलं. म्हणाल्या, "तुला बाळासाठी ठिवलीय, हिची नाटकं कशाला लिवतीस?" मी ते खोडलं आणि "ठीक" लिहिलं. त्यानंतर रोज "ठीक". तुमची श्रेया जेवत नव्हती, बाळ मांडीवर दिलं तर भिंतीकडे बघायची, तरी "ठीक". काम टिकावं म्हणून नव्हे, वाद नको म्हणून. आता ते मला जास्त लाजिरवाणं वाटतं.

आज सकाळी मी बाळाला तेल लावत होते. श्रेया शांतपणे म्हणाली, "बानूआपा, ही तुमच्यापाशीच रमती. मी न्हाय ऱ्हायले तरी हिचं काय अडणार न्हाय."

मी तडक बाहेर जाऊन सांगितलं, हिला आजच दवाखान्यात न्या. सासूबाईंनी मलाच घरातून जायला सांगितलं. विजयसिंहाला मी हाताला धरून बजावलं की तिला क्षणभर एकटी सोडू नको. त्यानं मान हलवली. त्या मानेवर माझा भरवसा नाही.

मला शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, बाळंतपणानंतर होणारा हा आजार आहे, उपचारानं बरा होतो, पण थांबायला वेळ नाही. आज पाचपर्यंत त्या दवाखान्यात थांबणार आहेत. मी एकटी त्या घरात गेले तर मला उंबऱ्यावरूनच परतवून लावतील. तुम्ही आई आहात, तुम्हाला अडवायची त्यांची छाती नाही.

मानपान नंतर मोजा. मला काय बोलायचं ते तेव्हा बोला, मी खाली मान घालून ऐकेन. पण हातातलं काम टाकून आत्ता निघा. बाळाच्या वस्तू आणू नका, वाटेत थांबू नका.

काकू, ते वाक्य तिनं मला सांगितलं. अशी गोष्ट मुलगी आईला सांगते, पगारी बाईला नाही.

तुमच्या लेकीच्या फाटकाबाहेर उभी,
बानू